कार्यालयात पाळीव कुत्रे आणू द्यावेत का? नियमांचा मसुदा करण्यापूर्वी अनुभव हवे आहेत

प्रश्न: रानजाई, पुणे

बाणेर येथील आमची सॉफ्टवेअर कंपनी लहान आहे. एकूण ४२ कर्मचारी, एकच मजला, आणि त्या मजल्याच्या प्रशासनाची जबाबदारी माझ्याकडे आहे. २०२० च्या टाळेबंदीत आमच्यातील सहा जणांनी कुत्री पाळली. त्यांपैकी चार रस्त्यावर सापडलेली गावठी पिल्ले होती. घरातले माणूस दिवसभर घरातच असते, हे पाहतच ती मोठी झाली. आता आठवड्यातून चार दिवस कार्यालयात येणे बंधनकारक झाल्यापासून त्यांतील काही कुत्री मालक बाहेर पडताच दाराशी बसून रडतात, दार ओरबाडतात, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी थेट सोसायटीच्या समितीकडे जातात.

या सहकाऱ्यांनी दर शुक्रवारी कुत्रे बरोबर आणण्याची परवानगी मागितली आहे. व्यवस्थापन अनुकूल असून नियमांचा मसुदा मी करावा असे ठरले आहे. अर्जात दोन दाखले दिले आहेत. पहिला टाटा समूहाचे मुख्यालय असलेल्या मुंबईच्या बॉम्बे हाउसचा: २०१८ मध्ये त्या वास्तूचे नूतनीकरण झाले, तेव्हा परिसरातील भटक्या कुत्र्यांसाठी इमारतीतच स्वतंत्र खोली करण्यात आली. दुसरा व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या २०१२ मधील अभ्यासाचा, ज्यात कुत्रा बरोबर आणणाऱ्या कर्मचाऱ्यांनी स्वतः नोंदवलेला ताण दिवस सरत जाताना कमी झालेला दिसला.

पुढच्या आठवड्यात सर्वांची बैठक घेऊन हात वर करून मत घ्यावे, असा माझा विचार आहे. मला स्वतःला कुत्री अतिशय प्रिय आहेत आणि नेमक्या याच कारणाने माझ्या हातून एखादी महत्त्वाची बाजू सुटेल अशी भीती वाटते. ज्यांच्या कार्यालयात असा प्रयोग झाला आहे, त्यांनी आणि पशुवैद्यकांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: माळावरचा पशुवैद्य, सातारा

मी आधी कुत्र्याच्या बाजूने लिहितो, कारण आपल्या बैठकीत त्याचे म्हणणे मांडायला कोणी नसेल.

घरी एकटा राहिल्यावर रडणारा कुत्रा कार्यालयात आणला की त्याचा त्रास संपेल, हे गृहीतक मला पटत नाही. मालकापासून क्षणभर दूर होताच घाबरणे हे त्याचे दुखणे आहे. कार्यालयात मालक तासभर बैठकीसाठी काचेच्या खोलीत गेला की तेच रडणे ४२ जणांच्या मध्यभागी सुरू होईल, शिवाय जागाही परकी असेल. अशा कुत्र्याला एकटे राहण्याची सवय घरीच लावावी लागते. मालकाने आधी दोन मिनिटे बाहेर जाऊन परत यावे, कुत्रा शांत राहतो आहे असे दिसले तरच वेळ पाच मिनिटांवर न्यावी, आणि हे काम काही आठवडे चिकाटीने करावे. त्रास तीव्र असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषधाचीही जोड देता येते. म्हणजे ज्या कुत्र्यांसाठी ही मागणी पुढे आली आहे, त्यांतील काही कुत्री कार्यालयासाठी सर्वांत अयोग्य असण्याची शक्यता आहे, आणि हे त्यांच्या मालकांना आपुलकीने पण स्पष्टपणे सांगावे लागेल.

कामाच्या जागी प्राणी असणे आपल्याकडे नवीन नाही. धनगरांच्या वाड्यावर कुत्रा असतो, किराणा दुकानात धान्याच्या पोत्यांवर मांजर निजलेले असते. पण त्या प्राण्याला तिथे काही काम असते, आणि नकोसे झाले की उठून दूर जाण्याची मोकळीक असते. टेबलाच्या पायाला साखळीने बांधलेल्या कुत्र्याला यांपैकी काहीच मिळत नाही. बॉम्बे हाउसच्या दाखल्यातही मला महत्त्वाची वाटते ती स्वतंत्र खोली. आपल्याकडे एखादी लहान खोली, जिथे कोणी कुत्र्याला हात लावायला येणार नाही, अशी राखून ठेवता येणार नसेल तर हा विषय पुढे नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

अस्वस्थ कुत्रा भुंकण्याच्या कितीतरी आधी सांगत असतो. झोप आलेली नसताना पुन्हा पुन्हा जांभया देणे, समोर खाणे नसताना ओठ चाटणे, थंड खोलीतही धापा टाकणे, शेपूट पायांत घालणे, मान वळवून डोळ्यांच्या कडांचा पांढरा भाग दाखवणे, या खुणा कुत्रा न पाळलेल्या सहकाऱ्यांनाही शिकवून ठेवाव्यात. गुरगुरल्याबद्दल त्याला कधीही रागावू नये. गुरगुरणे ही त्याची सूचना असते. ती दाबून टाकली तर तो पुढच्या वेळी सूचना न देता चावतो.

आरोग्याच्या अटी सोप्या आहेत, पण त्यांत सवलत नसावी. रेबीजची लस चालू असल्याचा पुरावा हवा, आणि कुत्र्यांच्या नेहमीच्या एकत्रित लसीत लेप्टोस्पायरोसिसचा समावेश आहे ना हे पाहावे, कारण हा रोग लघवीतून माणसालाही होतो आणि पावसाळ्यात त्याचा धोका वाढतो. जंताचे औषध वेळेवर दिलेले असावे आणि अंगावर गोचीड वा पिसवा नसाव्यात. दिवाळीत कार्यालयात सुक्या मेव्याचे डबे येतात, वाढदिवसाला चॉकलेटचा केक कापला जातो. मनुका आणि चॉकलेट या दोन्ही गोष्टी कुत्र्याला विषारी आहेत, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असते. मनुकांमुळे मूत्रपिंडे निकामी झाल्याची उदाहरणे आहेत.

उत्तर २: सायली, मिरज (सध्या मुंबई)

मी आठ वर्षांची असताना मला कुत्रा चावला आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागली. ती जुनी लस आता वापरात नाही, तरीही आज पन्नाशीला पोहोचल्यावरदेखील मागून नखांचा टकटक आवाज आला की माझे हात गार पडतात.

मी पूर्वी ज्या कार्यालयात काम करत होते, तिथेही अशीच बैठक झाली होती आणि अशाच रीतीने हात वर करायला सांगितले होते. मला रुजू होऊन दोनच महिने झाले होते. ज्यांच्या हाताखाली मी काम करत होते, त्यांचाच कुत्रा येणार होता. मी हात वर केला. पुढचे जवळजवळ वर्षभर मी दर शुक्रवारी पाणी कमी प्यायचे, कारण प्रसाधनगृहाकडे जाण्याची वाट त्या कुत्र्याच्या जागेवरून होती. त्या कुत्र्याने मला कधीही काही केले नाही आणि त्याचे मालक अत्यंत सज्जन गृहस्थ होते. म्हणूनच ‘मला भीती वाटते’ हे वाक्य तोंडातून निघणे आणखी अवघड होऊन बसले.

माझी कळकळीची विनंती आहे की, आपण हात वर करायला सांगू नये. प्रत्येकाकडून खासगीत, नाव उघड होणार नाही अशा प्रकारे लेखी उत्तर घ्यावे आणि कारण विचारू नये. हा बहुमताचा विषयच नाही. ४१ जणांना आनंद होणार असेल आणि एकाला दमा असेल, तर त्या एकाने कुठे जायचे? कुत्र्याच्या लाळेतील आणि त्वचेच्या कोंड्यातील प्रथिनांमुळे ॲलर्जी होते, ती प्रथिने धुळीबरोबर खुर्च्यांच्या कापडात आणि गालिच्यात साठून राहतात. त्यामुळे शुक्रवारी आलेल्या कुत्र्याचा त्रास सोमवारीही होऊ शकतो. केस न गळणारी जात निवडली की हा प्रश्न सुटतो, असे सांगितले जाते, त्यावरही विसंबू नये. व्हर्जिनियाचा जो अभ्यास आपण सांगितलात, तो ज्या कंपनीत झाला तिथे कुत्री आणण्याची पद्धत आधीपासूनच रुळलेली होती. ज्यांना कुत्री सोसत नाहीत, अशी माणसे तिथे मुळातच कमी टिकली असतील असे मला वाटते.

उत्तर ३: एल्बकाठ, हॅम्बुर्ग

गेली अकरा वर्षे मी जर्मनीत नोकरी करतो. इथे ‘ब्युरोहुंड’, म्हणजे कार्यालयातला कुत्रा, हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. माझ्या शेजारच्या टेबलाखाली एक म्हातारी लॅब्राडोर झोपलेली असते. तरीही कुत्रा आणणे हा कर्मचाऱ्याचा हक्क मानला जात नाही. कंपनीची परवानगी लागते आणि सबळ कारण असल्यास ती काढूनही घेता येते. ड्युसेलडॉर्फच्या प्रादेशिक कामगार न्यायालयाने २०१४ मध्ये असाच निकाल दिला होता. एका जाहिरात कंपनीतील कर्मचारी महिला आपली तीन पायांची कुत्री काही वर्षे कामावर आणत होती. पुढे ती कुत्री सहकाऱ्यांवर गुरगुरू लागली, त्यांना तिच्या खोलीत जाण्याची धास्ती वाटू लागली, तेव्हा कंपनीने मनाई केली आणि न्यायालयाने ती मनाई योग्य ठरवली. आपल्या मसुद्यात परवानगी कशी मिळेल याच्या आधी ती कशी संपेल हे लिहावे, कारण वर्षभर रुळलेली सवय मोडताना माणसे फार दुखावतात.

दुसरी गोष्ट विम्याची. हॅम्बुर्गमध्ये प्रत्येक कुत्र्यासाठी दायित्व विमा सक्तीचा आहे, म्हणून कोणाचा लॅपटॉप पडला किंवा कोणी साखळीत अडकून पडले तर भांडण होत नाही. आपल्याकडे अशी सक्ती नसल्यामुळे नुकसानभरपाई कोणी करायची, हे आधीच लेखी ठरवून त्यावर सह्या घ्याव्यात.

उत्तर ४: तळमजला, ठाणे

मी व्यापारी इमारतींच्या देखभालीचे काम पाहतो. तुमचा मजला भाड्याचा असेल तर आधी करारनामा वाचा आणि इमारतीच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या, कारण लिफ्ट आणि जिना इतर कंपन्यांचेही आहेत. पाळीव कुत्र्यांना सोसायटी बंदी करू शकत नाही, असे सांगताना भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांचा आधार घेतला जातो. त्या निवासी इमारतींपुरत्या आहेत, कार्यालयात त्यांचा उपयोग नाही. महापालिकेचा श्वान परवाना मागाच. कुत्र्याच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, ही बाबही मालकांच्या कानावर घाला. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर कुत्र्यांचे पाय सरकतात, तेव्हा जाण्यायेण्याच्या वाटेवर रबरी पट्ट्या टाकून घ्या.

रानजाई, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. सायलीताई, आपले उत्तर मी दोनदा वाचले. बैठक रद्द केली असून आज सकाळी प्रत्येकाला बंद पाकिटातून एक चिठ्ठी दिली आहे, तिच्यावर केवळ ‘चालेल’ आणि ‘नको’ असे दोन पर्याय आहेत. एकही ‘नको’ आला तर सामाईक मजल्यावर कुत्रा येणार नाही, असे मी व्यवस्थापनाकडून आधीच मान्य करून घेतले आहे. तसे झाल्यास, ज्यांची कुत्री एकटी राहू शकत नाहीत त्यांना शुक्रवारी घरून काम करू द्यावे, असा पर्यायी प्रस्ताव मी त्याच मसुद्यात जोडते आहे.

पशुवैद्यकांना एक प्रश्न आहे. आमच्या इमारतीच्या मागच्या मैदानावर गणपतीच्या आधी काही आठवडे ढोल-ताशा पथकाचा सराव असतो आणि तो कामाची वेळ संपण्यापूर्वीच सुरू होतो. खिडक्या बंद करून भागेल का?

माळावरचा पशुवैद्य, सातारा

भागणार नाही. ढोलाचा ठोका बंद खिडकीतूनही येतो आणि कुत्र्याची श्रवणशक्ती आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. घाबरलेला कुत्रा साखळी तोडून जिन्याकडे धावतो आणि अनोळखी रस्त्यावर हरवतो. ते आठवडे आणि दिवाळीचे दिवस मसुद्यातून सरळ वगळावेत. एप्रिल आणि मे महिन्यांचाही विचार करावा: दर तीन-चार तासांनी कुत्र्याला बाहेर न्यावेच लागते, आणि भर दुपारी तापलेल्या डांबरावर त्याचे तळवे भाजतात. हाताची पालथी बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवून पाहावी. ती ठेववत नसेल तर कुत्र्याला त्यावरून चालवू नये. बाणेरमध्ये आपल्या इमारतीजवळ सावलीची मातीची जागा आहे का, हे चिठ्ठ्या उघडण्यापूर्वी एकदा भर दुपारी स्वतः चालून पाहावे.