पती सीमेवर, घरात गळती : सोसायटीला कोणता कागद चालेल?

नमस्कार. माझे पती सैन्यात असून सध्या अशा ठाण्यावर आहेत, जिथून फोन कधी येईल याचा भरवसा नसतो. मी वृद्ध सासूबाईंसह नाशिकरोडला राहते. वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून मुरणारे पाणी भिंतीतून आमच्या स्विचबोर्डपर्यंत उतरले आहे आणि बोर्डाच्या खालच्या स्क्रूंभोवती हिरवट गंज धरला आहे. इलेक्ट्रिशियनकडून त्या खोलीची वीज बंद करून घेतली आहे. वरचा पाणीपुरवठा बंद ठेवल्यावर ठिबक थांबते, हे प्लंबरने दाखवून दिले. म्हणजे गळती गच्चीची किंवा बाहेरच्या भिंतीची नाही, आणि गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) अशी दुरुस्ती त्या वरच्या फ्लॅटच्या मालकानेच करायची असते. वरचे मालक परगावी आहेत, भाडेकरू त्यांच्या परवानगीशिवाय फरशी फोडू देत नाहीत आणि फ्लॅट एकट्या पतींच्या नावावर असल्याने सोसायटी माझा अर्जच स्वीकारत नाही. पतींना इतक्यात रजा मिळणार नाही, नोटरीपर्यंत जाणेही त्यांना शक्य नाही. अशा वेळी युनिटच्या शिक्क्याचे अधिकारपत्र पुरते की मुखत्यारपत्रच लागते, आणि यासाठी येथील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून कुणाला सोसायटीच्या नावे पत्र मिळाले आहे का?