'कोर्स परवडत नाही' म्हणजे नेमका कोणाला?

भुईकोट :
मंडळी, एका शब्दापायी आमच्याकडं चुकीचा निर्णय व्हायला लागलाय म्हणून विचारतोय. मी सोलापुरात एका सीनियर कॉलेजात कॉमर्स शिकवतो आणि कॉलेजच्या अंदाजपत्रक समितीत आहे. संस्थेच्या मंडळापुढं जे टिपण गेलं त्यात आमच्या विनाअनुदानित डेटा सायन्सच्या कोर्सबद्दल एक ओळ होती, 'सध्याच्या प्रवेशसंख्येला हा कोर्स परवडत नाही'. समितीला म्हणायचं होतं की फीतून कोर्सचा खर्च निघत नाही. मंडळातल्या एका ज्येष्ठांनी अर्थ घेतला की पोरांना फी परवडत नाही, आणि मग फी पंचवीसवरनं वीस हजारावर आणा, पोरं आपोआप वाढतील, असं ठरायला लागलं.

हिशोब बघा, आकडे समजण्यापुरते गोल केलेत. वर्षाचा ठरलेला खर्च ९ लाख, पोरं दहा असोत नाहीतर साठ, तो होणारच. दर पोरामागं परीक्षा, सॉफ्टवेअर, झेरॉक्स मिळून ५ हजार. फी २५ हजार. म्हणजे एका पोरामागं २० हजार हातात राहतात आणि ९ लाख भरून निघायला ४५ पोरं लागतात. आहेत ३८. फी २० हजार केली की हातात राहणार १५ हजार, मग लागणार ६०, आणि मंजूर जागाच ६० आहेत. वर्ग गच्च भरला तरी जेमतेम बरोबरी.

तर त्या ४५ ला, म्हणजे ब्रेक इव्हनला, मराठीत काय म्हणायचं? पुस्तकातला 'ना नफा ना तोटा बिंदू' मी वर्गात शिकवतो पण मंडळापुढं तो चालत नाही, कारण संस्थाच 'ना नफा ना तोटा तत्त्वावर' चालते असं आपण सगळीकडं छापतो, त्यामुळं ऐकणाऱ्याला वाटतं की हे धोरणाबद्दल बोलायलेत, आकड्याबद्दल नाही.

शब्दनिष्ठ :
'समविच्छेद बिंदू' हा शब्द वापरावा. वाणिज्याच्या पुस्तकांत तो आहे. 'परवडणे' हा घरगुती शब्द आहे, तो औपचारिक टिपणात आलाच कसा हा खरा प्रश्न. परिभाषा पक्की नसली की असे घोटाळे होतात, आणि मग लोक म्हणतात मराठीत कारभार होत नाही.

मागवाला :
सर, समविच्छेद म्हणल्यावर आमच्या मंडळातले निम्मे लोक गप बसतील आणि उरलेले डॉक्टरला विचारतील. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, आमच्या घरात तीन पिढ्या माग. वडील कधी ब्रेक इव्हन म्हणले नाहीत पण त्यांना रोज माहीत असायचं की आज किती चादरी पडल्या तर सूत, मजुरी, लाईटबिल निघतं. ते म्हणायचे 'खर्च निघाला'. बस. तेलुगूत आम्ही 'गिट्टदु' म्हणतो, म्हणजे या भावाला जमत नाही, परवडत नाही. 'गिट्टुबाटु धर' म्हणजे परवडणारा भाव, पण तो नेहमी विकणाऱ्याच्या बाजूनं. शेतकऱ्याला मिळणारा, विणकराला मिळणारा. गिऱ्हाइकाला परवडणं वेगळं. मराठीत एकाच शब्दात दोन्ही बाजू आल्यात म्हणून सरांचा घोळ झाला.

अक्कलकोटी :
'गिट्टदु'चा 'पटत नाही, आवडत नाही' असाही अर्थ आहे ना? आमच्या शेजारच्या आजी सुनेबद्दल तसं म्हणायच्या.

मागवाला :
हो, आहे. माणसाबद्दल म्हणलं की तो अर्थ.

बोरामणी :
शेतकऱ्याला विचारा की. आमच्याकडं पट्टी येते. सोलापूर मार्केट यार्डात माल टाकला की हमाली, तोलाई, गाडीभाडं कापून अडत्या हातात पट्टी देतो, तिच्यात खाली जे उरतं ते खरं. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचा २ रुपयाचा चेक मिळाला होता याच मार्केटात, देशभर पेपरात आलं होतं. त्या पट्टीवर बेरीज वजाबाकी एकदम बरोबर होती आणि त्यात बियाणं, खत, पाणी, घरच्या माणसांचे कष्ट कुठंच नव्हते. सरांच्या ९ लाखात काय धरलंय आणि काय नाही ते आधी सांगा, शब्दाचं नंतर बघू.

भुईकोट :
चांगलं विचारलंत, त्यावर येतो. आधी शब्दाचं होऊ द्या.

जुनी कीर्द :
मी अनुदानित कॉलेजच्या लेखा शाखेतनं निवृत्त झालो. आमच्या वेळी हेडक्लार्क 'तोंडमिळवणी' म्हणायचे. जमा आणि खर्चाची तोंडं मिळाली पाहिजेत. तुमचा ४५ म्हणजे 'तोंडमिळवणीची संख्या'. अस्सल मराठी, कोणालाही कळेल.

सातरस्ता :
काका, तोंडमिळवणी म्हणलं की मला ओढाताण डोळ्यापुढं येते. घरात महिनाअखेरीला करतात ती, याचं त्याला देऊन, उसनंपासनं घेऊन. इथं ओढाताण नाही सांगायची, फक्त एक संख्या सांगायचीय की याच्या खाली गेलात तर पदरचे घालावे लागतील. मी सीएची तयारी करतोय, आमच्याकडं सगळे सरळ ब्रेक इव्हन म्हणतात आणि अडत नाही कोणाचं. बजेट, ऑडिट, व्हाउचर चालतं तर हेच का नको?

शब्दनिष्ठ :
अडत नाही असं कसं म्हणता, भुईकोटांचं अडलंच ना. आणि मराठीत शब्द असताना 'बजेट' तरी का? 'अर्थसंकल्प' इतका सुंदर शब्द आहे. सावरकरांनी दिलेला. त्यात नुसता हिशोब नाही, संकल्प आहे, म्हणजे काय करायचं ते आधी ठरवणं. कॉलेजनं आपल्या कागदाला 'अंदाजपत्रक' म्हणणं म्हणजे आम्ही फक्त अंदाज बांधतोय असं कबूल करणं.

जुनी कीर्द :
याला माझा विरोध आहे आणि तो कामातनं आलेला आहे. कॉलेजचा कागद एप्रिल ते मार्चचा, तो फेब्रुवारी-मार्चमध्ये तयार होतो. प्रवेश जून-जुलैत सुरू होतात आणि खरा आकडा कळायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. म्हणजे ज्या फीवर सगळं उभं ती किती येणार हेच माहीत नसताना कागद मंजूर करायचा असतो. त्याला अंदाज नाही तर काय म्हणणार? म्हणून तर पुढं 'सुधारित अंदाज' असतो. महापालिकेत, झेडपीत अंदाजपत्रकच म्हणतात, आणि अर्थसंकल्प म्हणणाऱ्या सरकारच्या पुस्तकातसुद्धा आत 'अर्थसंकल्पीय अंदाज' असाच रकाना असतो. अंदाज फारसी, पत्रक संस्कृत, दोघं मराठीत इतकी वर्षं नांदतायत.

सातरस्ता :
सावरकरांच्या नावानं जी यादी फिरते तिच्यात 'शुल्क' आणि 'वेतन'पण असतात. हे दोन्ही कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहेत, शुल्काध्यक्ष नावाचा अधिकारीच आहे त्यात. जुने शब्द पुन्हा वापरात आणणं वेगळं आणि नवे घडवणं वेगळं. दोन्हीचं मोल आहे पण यादी एकत्र केली की कळत नाही.

शब्दनिष्ठ :
पुन्हा वापरात आणणं हेही मोठंच काम आहे. आणि कौटिल्याचं नाव काढलंत तर त्यातलाच 'नीवी' शब्द घ्या ना. आय, व्यय आणि दोन्ही वजा जाता उरते ती नीवी. दोन अक्षरी. आज आपण त्याला 'निव्वळ शिल्लक' म्हणतो, तीन शब्दांचं काम एका शब्दात होत होतं.

मागवाला :
निव्वळ शिल्लक दोन शब्द आहेत सर. आणि कळतात.

अक्कलकोटी :
आमच्या घरी कन्नड. कर्नाटकात बजेटला 'आयव्यय' म्हणतात, आणि दुसरा शब्द 'मुंगड पत्र'. मुंगड म्हणजे आगाऊ. मला हा दुसरा लई आवडतो, कारण त्यात अंदाजही नाही आणि संकल्पही नाही, फक्त एवढंच की हे आधी लिहिलेलं आहे. 'बजेट' तर मुळात चामड्याची पिशवी. जुन्या फ्रेंचातलं बुजेत, इंग्लंडच्या अर्थमंत्र्यानं पिशवी उघडली की बजेट उघडलं असं म्हणायची पद्धत अठराव्या शतकात पडली. म्हणजे ज्याला आपण परकी शास्त्रीय शब्द समजतो तो त्यांचा बटवाच आहे. मग आपल्या बोलीतल्या शब्दाला टिपणात यायला लाज का वाटावी?

बोरामणी :
हे 'झिरो बजेट'चं काय मग? आमच्याकडं झिरो बजेट शेती म्हणलं की बिनखर्चाची शेती. पुतण्या कॉलेजात क्लार्क आहे, त्याला साहेबांनी सांगितलं यंदा झिरो बजेट करा, त्याला वाटलं सगळ्या खरेद्या बंद.

भुईकोट :
हा घोळ सगळीकडं आहे. शून्याधारित अर्थसंकल्प म्हणजे खर्च शून्य नव्हे, सुरुवात शून्य. एरवी आपण काय करतो, मागच्या वर्षी प्रयोगशाळेला ४ लाख होते, यंदा दहा टक्के वाढवा, ४ लाख ४० हजार, झालं. शून्याधारितमध्ये मागच्या वर्षीचं विसरायचं आणि प्रत्येक विभागानं पहिल्या रुपयापासनं सांगायचं की हा का पाहिजे. पीटर पिअर यांनी टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत हे बसवलं, १९७० मध्ये त्यावर लेख लिहिला, तो वाचून जिमी कार्टर यांनी जॉर्जिया राज्यात घेतलं. महाराष्ट्रात १९८६ ला शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आलं. तेव्हापासनं 'झिरो बजेट' शब्द लोकांच्या तोंडी आहे, पुढं सुभाष पाळेकरांच्या शेतीमुळं त्याचा अर्थच फिरला. आता क्लार्कला दोष देता येत नाही, साहेबांनी एक वाक्य जास्त बोलायला पाहिजे होतं.

शब्दनिष्ठ :
बघा, 'शून्याधारित' म्हणलं असतं तर हा घोळ झाला नसता. आधारित या शब्दातच खुलासा आहे. माझा मुद्दा हाच.

सातरस्ता :
हे मात्र मान्य.

भुईकोट :
आता बोरामणींच्या प्रश्नावर येतो, कारण खरी गोम तिथं आहे. त्या ९ लाखात अडीच लाख असे आहेत जे कॉलेजच्या एकूण खर्चातला वाटा म्हणून कोर्सच्या नावावर टाकलेत. इमारतीची रंगरंगोटी, ऑफिसातले क्लार्क, वॉचमन, लाईट. कोर्स बंद केला तर हे अडीच लाख वाचत नाहीत, ते दुसऱ्या विभागांच्या डोक्यावर जातात. खरोखर वाचणारे साडेसहा लाखच. आणि ३८ पोरांमागं २० हजार धरले तर हातात येतात ७ लाख ६० हजार. म्हणजे कागदावर कोर्स १ लाख ४० हजारानं तोट्यात, आणि तरी तो बंद केला तर कॉलेज १ लाख १० हजारानं आणखी खाली जातंय. मंडळात आता दुसरा गट 'तोट्यातला कोर्स बंद करा' म्हणायलाय. फी कमी करणारे आणि बंद करणारे, दोघंही त्या एका ओळीवरनंच बोलायलेत. माझं मत स्पष्ट आहे, कोर्स चालू ठेवावा, फी तशीच ठेवावी आणि सात पोरं वाढवायला दोन-तीन तालुक्यांतल्या ज्युनियर कॉलेजांत जावं. पण हे मराठीत मांडायला गेलं की प्रत्येक पायरीवर शब्द अडतो. त्या २० हजाराला पुस्तकात 'अंशदान' म्हणतात. अंशदान म्हणल्यावर स्टाफला पीएफ आठवतो.

मागवाला :
'हातात राहणारे' लिहा. तुम्ही स्वतःच दोनदा तेच लिहिलंय वर.

जुनी कीर्द :
आणि त्या कोर्सच्या कॉम्प्युटरांवर आधी जो पैसा गेला तो यात धरू नका, तो आता परत येत नाही. त्याला आजकाल 'बुडीत खर्च' लिहितात ते मला पसंत नाही. बुडीत म्हणजे वसूल व्हायला पाहिजे होतं आणि झालं नाही, बुडीत कर्ज, बुडीत येणं. कॉम्प्युटर तर वापरात आहेत, पोरं शिकतायत त्यावर. 'होऊन गेलेला खर्च' म्हणा. मंडळापुढं बुडीत शब्द गेला की कोणी तरी विचारणारच, कोणी बुडवला?

शब्दनिष्ठ :
इथं मी तुमच्याशी सहमत. 'बुडीत' चुकीचा.

सातरस्ता :
सर अजून एक, ३८ मधल्या शिष्यवृत्तीवाल्या पोरांची फी मार्चपर्यंत हातात येते का? महाडीबीटीचे, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरनं येणारे पैसे मागून येतात. कागदावर जमा दाखवलेत आणि बँकेत नाहीत असं असेल तर ४५ भरले तरी जानेवारीचे मानधन निघणार नाही. २०२४ च्या जुलैत व्यावसायिक कोर्सच्या, प्रवर्ग आणि उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलींना पूर्ण फी माफीचा जीआर आला, चांगलाच निर्णय तो, पण तिथंही फी पोरीकडनं येत नाही, सरकारकडनं येते, आणि ती कधी येणार हे बजेट करणाऱ्याला वेगळं लिहावं लागतं.

जुनी कीर्द :
त्याला 'येणे' म्हणतात. जमा वेगळं, येणे वेगळं. आम्ही दोन रकाने ठेवायचो. तेरजेत ते बरोबर दिसायचं.

अक्कलकोटी :
तेरीज म्हणजे ट्रायल बॅलन्सच ना? आमचे आजोबा किराणा दुकानात दर आठवड्याच्या बेरजेला तेरीज म्हणायचे.

जुनी कीर्द :
तुमचे आजोबा बोलायचे ते दुकानापुरतं असेल. कीर्द म्हणजे रोजचं, खतावणी म्हणजे नावानावाचं, आणि खतावणीतल्या सगळ्या बाक्या काढून एका कागदावर नावे एकीकडं, जमा एकीकडं मांडली की ती तेरीज.

अक्कलकोटी :
दुकानापुरतं का म्हणून? दुकानदारांनीच हे शब्द सांभाळले, कॉलेजं तर नंतर आली. अक्कलकोट, दुधनी, बार्शीच्या जुन्या पेढ्यांवर अजून लाल कापडी चोपड्या आहेत, त्यात बघा तेरीज कशाला म्हणलंय ते. मी गावाकडं गेलो की फोटो काढून टाकतो.

बोरामणी :
दुधनीच्या टाका, तिथं आमच्या चुलत्याची अडत होती.