पगार वाढतोय, प्रवासही वाढतोय : तुमचे अनुभव सांगा

मी बदलापूरला राहते. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्यात अकाउंट्स बघते. स्कूटीवर वीस मिनिटं. हातात 34 हजार येतात. आता लोअर परळच्या एका ऑफिसातून ऑफर आलीय, हातात 52. निरोप आला त्या संध्याकाळी मी हवेत होते. दुसऱ्या दिवशी कॅल्क्युलेटर घेऊन बसले.

बदलापूर ते दादर, तिथे स्लो पकडून करी रोड, मग चालत. दारापासून टेबलापर्यंत दोन तास, तेही गाडी वेळेवर असेल तर. म्हणजे आजच्यापेक्षा रोज तीन तास वीस मिनिटं जास्त. महिन्याचे 24 दिवस धरले तर 80 तास. वाढलेल्या 18 हजारांतून पास, रिक्षा आणि पोळीभाजीला बाई असे सहा हजार जातील. पाळणाघराचा खर्च शून्य, कारण सासूबाई घरी आहेत. उरले 12 हजार, म्हणजे तासाला 150 रुपये. हे जास्त की कमी, तेच कळेना.

मुलगा तिसरीत आहे. घराचं कर्ज अजून 14 वर्षं. 'मुंबईतच राहायला जा' हे कृपा करून कुणी लिहू नका. ज्यांनी असा बदल केलाय, किंवा करून सोडलाय, त्यांनी काय झालं ते सांगा.

डोंबिवलीकर

22 वर्षं सीएसएमटी केलं. तास मोजू नका, बसायला मिळतं का ते मोजा. बसून गेलेला दीड तास आणि लटकून गेलेला पाऊण तास यांत दीड तासवाला ताजा उतरतो. आम्ही रिटर्न मारायचो. म्हणजे आधी उलटं कल्याणला जायचं, तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून यायचं. पंचवीस मिनिटं जास्त जायची, पण पाठ वाचायची. तुमच्याकडे बदलापूरहून सुटणाऱ्या गाड्या आहेत, पण अंबरनाथवाले त्यांत आधीच डाऊन करून, म्हणजे उलटे बदलापूरला येऊन, बसलेले असतात. कर्जतहून येणारी तर विचारूच नका. ऑफिसची वेळ दहाऐवजी अकरा करून मिळते का बघा. तो एक तास पगारवाढीपेक्षा मोठा आहे.

लेडीज डबा

वरच्यांचं बरोबर, पण बायकांच्या डब्यात सीट मिळवण्याचं वेगळं शास्त्र आहे. चढल्या चढल्या विचारत सुटायचं, "कुठे उतरणार?" एक म्हणते घाटकोपर, पण "दिलीय कुणाला तरी." मग दुसरी. मी आसनगावहून दादर करते, अकरा वर्षं झाली. पहिले सहा महिने रोज रात्री रडले. मग ग्रुप मिळाला. जेएआयआयबी आणि सीएआयआयबी, बँकेच्या दोन्ही परीक्षा मी गाडीत अभ्यास करून दिल्या. घरी पुस्तक उघडलं की कुणालातरी पाणी हवं असतं. खरं सांगू का, ते दोन तास सोडले तर मला माझा असा वेळ नाही. सगळ्यांचं असं असेल असं नाही, आणि मेगाब्लॉकच्या रविवारी ड्युटी लागली की मीही शिव्याच घालते.

पाच दहाची गाडी

पुणे–मुंबई, डेक्कन क्वीन, नऊ वर्षं. सकाळी 7:15 ला पुणे, 10:25 ला सीएसएमटी. संध्याकाळी 5:10 ची परतीची. लोकांना डायनिंग कारमधल्या टोस्टचं कौतुक. आम्हा पासवाल्यांना ते पहिले पंधरा दिवस असतं.

पगार चांगला होता, प्रवासही एका अर्थी सुखाचा. पण माझं आयुष्य 5:10 ला बांधलेलं होतं. साडेचारला मीटिंग लागली की पोटात गोळा. साहेब बोलत असायचे आणि माझी नजर त्यांच्या मागच्या घड्याळावर. दोनदा बढती आली. दोन्हीत सातपर्यंत थांबावं लागणार होतं, दोन्ही नाकारल्या. म्हणजे ज्या पगारासाठी मुंबई धरली, तो प्रवासामुळेच पुढे वाढला नाही. नव्या ऑफिसात लोक किती वाजता निघतात, हे मुलाखतीत विचारायला लाजू नका.

हडपसर–हिंजवडी

थोडक्यात लिहितो. ऑफर स्वीकारली तेव्हा 'आठवड्यातून दोनच दिवस ऑफिस' असं तोंडी ठरलं होतं. आठ महिन्यांत पाच दिवस झाले. भूमकर चौकात कंपनीची बस जागची हलत नाही तेव्हा मी मनातल्या मनात ते तोंडी वाक्य आठवतो. जे काय ठरेल ते ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.

विरारहून

करून सोडलं. चर्चगेट, सहा वर्षं. मणक्याचं दुखणं निघालं, पण सोडलं त्यामुळे नाही. मुलीच्या शाळेत कागद द्यायला गेलो होतो, शिपायाने विचारलं कुठली तुकडी, आणि मला सांगता येईना. आता वसईत कमी पगारावर आहे. महिनाअखेर ओढाताण होते, ती होतेच.

आजी, कल्याण

मी सहसा वाचते फक्त. आज लिहिते, कारण तुझ्या हिशेबात एक आकडा शून्य आहे, बाळा.

माझी सून सात वर्षं अंधेरीला जात होती. तिचे हाल झाले, नाही म्हणत नाही. पण संध्याकाळी पाच ते साडेआठ घरात मी आणि दोन नातवंडं. गृहपाठ, दूध, भांडणं, धाकट्याचा दमा. एकदा त्याचा श्वास लागला तेव्हा खूप पाऊस होता, गाड्या बंद. मुलगा ठाण्यात अडकलेला, सून कुर्ल्याला. मी त्याला शालीत गुंडाळून तीन जिने उतरले, शेजारच्या मुलाने रिक्षा आणली. तेव्हा माझे गुडघे गेलेलेच होते. सून रात्री दीडला आली, ओली, आणि माझ्या पायाशी बसून राहिली. आम्ही दोघी काही बोललो नाही.

मला तिचा राग नव्हता. नोकरी तिने करावी असं मीच म्हटलं होतं. पण ती घेताना मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी गृहीत धरलं. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, फक्त दुपारची दोन तास बाई मागितली असती. तू सासूबाईंना विचारलंस का?

धागाकर्ती

आजी, नाही विचारलं होतं. तुमचं वाचून मोबाइल बाजूला ठेवला आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

मंगळवारी रजा टाकून ऑफिसच्या वेळेला करी रोडपर्यंत जाऊन आले. जाताना ठाण्याला बसायला मिळालं, येताना कल्याणपर्यंत एका पायावर. घरी पोचले तर आठ वाजून दहा. मुलगा जेवून झोपायला आलेला. सासूबाईंना सगळं सांगितलं, आकड्यांसकट. त्या म्हणाल्या, "जा तू. पण माझं शुक्रवारचं भजन मी सोडणार नाही." म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्याने कल्याणहून लवकर निघायचं. त्याच्याशी बोलणं आज रात्री.

एचआरला अकरा ते सातची वेळ मागितलीय, लेखी. "बघू" म्हणालेत. त्यांना सोमवारपर्यंत कळवायचंय. तोवर अजून कुणाला लिहायचं असेल तर लिहा, विशेषतः मध्य रेल्वेवाल्या बायकांनी. पावसाळ्यात तुम्ही काय करता?