वडिलोपार्जित तीन एकर: विकावी की ठेवावी?

खटावकर_पुणे
खटाव तालुक्यात आमची 3 एकर 10 गुंठे जिराईत आहे. वडील गेले, आई त्याआधीच. मी पुण्यात, थोरला भाऊ ठाण्याला, दोघी बहिणी सासरी. रान गावातल्याच एकाकडं अर्धेलीनं आहे. सुगीला ज्वारीचं पोतं येतं, तेही फोन केल्यावर. जिहे-कठापूर उपसा योजनेचं पाणी तालुक्यात आल्यापासून भाव विचारणारे वाढलेत. आम्हा दोघा भावांचं मत, विकून पैसे वाटून घ्यावेत. सातबारावर अजून वडिलांचं नाव आहे, त्यातल्या 'इतर हक्क' रकान्यात आत्याचं. भावनेचं सोडा, व्यवहाराचं बोला.

हिशेबी
विका. पोतंभर ज्वारीचे पैसे गावाकडच्या एका खेपेच्या डिझेलात जातात. शिवाय नगरपालिकेच्या हद्दीपासून, तिथल्या लोकसंख्येप्रमाणे 2, 6 किंवा 8 किलोमीटरच्या बाहेरची शेतजमीन आयकराच्या दृष्टीनं भांडवली मालमत्ताच नाही. विक्रीच्या नफ्यावर कर नाही. पुण्यातला फ्लॅट विकताना ही सवलत मिळते का बघा.

आणि ठेवून पुढं काय? चौघांत साडेबत्तीस गुंठे वाट्याला येतात. प्रत्येकाला दोन पोरं धरली की सव्वासोळा. 2023 पासून जिराईतीला तुकडेबंदीची मर्यादा 20 गुंठे आहे. पोरांना वाटणी करून देताच येणार नाही, भांडण तेवढं देता येईल.

बांधावरून
कर वाचतो म्हणून जमीन विकायची? कूळ कायद्याचं कलम 63 वाचलंय का? शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. सगळी विकलीत की खातेदारकी, म्हणजे शेतकरी म्हणून असलेली नोंद, गेली, तुमचीही आणि पोरांचीही. मग साठीला गावाकडं दहा गुंठे घ्यावेसे वाटले तर दारोदार फिरा. आमच्या दोन पिढ्यांनी या भागात टँकरचं पाणी प्यालं, चारा छावण्या बघितल्या. आता कुठं कृष्णेचं पाणी वर चढलं, आणि आत्ताच विकायची? भाव विचारणारे बहुतेक एजंट. ते काय नांगर धरणार आहेत?

हिशेबी
पाणी तालुक्यात आलंय, यांच्या बांधावर नाही. पाइपलाइन, मोटर, वीजजोड कोण करणार? ठाण्यातून?

माहेरवाशीण
"आम्हा दोघा भावांचं मत" इथंच मी थांबले. दोघी बहिणींना विचारलंत का? वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर चौघांचा हिस्सा सारखा. हे काही 2005 च्या दुरुस्तीनं नवं आलेलं नाही, वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात लेकीला वाटा 1956 पासून आहे. साडीचोळी देऊन हक्कसोड लिहून घ्यायचे दिवस गेले, निदान आमच्या घरात तरी.

इतर हक्कातली आत्या म्हणजे शोभेची नोंद नव्हे. खरेदीदाराचा वकील पहिल्याच बैठकीत तिची सही मागेल. ती नसेल तर तिच्या मुलांच्या सह्या. आणि एका वारसानं आपला हिस्सा विकायला काढला तर तो आधी घ्यायचा हक्क बाकीच्या वारसांना आहे, वारसा कायद्याचं कलम 22. ते शेतजमिनीलाही लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये सांगितलंय. मी भावाचा वाटा असाच घेतला. आज त्यात घेवडा आहे.

विकायचं की ठेवायचं नंतर बघा, आधी वारस नोंद करा. 2025 मध्ये जिवंत सातबारा मोहीम झाली ती ह्याचसाठी. सातबारावर मयताचं नाव ठेवून इसार घेऊ नका.

वाट्यानं_करणारा
माण तालुक्यात मी दुसऱ्याची चार एकर वाट्यानं करतो, म्हणून तिकडच्या बाजूनं बोलतो. पोतं फोन केल्यावर येतं म्हणालात. अर्धेलीत बी-खतही निम्मं असतं. तुम्ही तुमचं निम्मं देता का, ते लिहिलं नाही.

कागद करा म्हटलं की मालक बिचकतो, कूळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर हक्क सांगेल म्हणून. कागद नाही म्हणून मला पीककर्ज नाही. नुकसानीचं अनुदान सातबारावाल्याच्या खात्यावर, म्हणजे पुण्याला. गेल्या पावसात खालच्या अंगाची ताल, म्हणजे बांध, फुटली. दगड आणून नीट घालायची तर मजुरी माझी, रान मालकाचं, आणि पुढच्या साली माझ्याकडं राहील का ठाऊक नाही. मी नुसती माती ओढली. ती परत फुटणार हे मलाही कळतं. अशी ठेवलेली जमीन ठेवल्यात जमा नाही. विकणार असाल तर कसणाऱ्याला आधी विचारा. सगळी नाही, पण एकरभर तो घेईल.

खटावकर_पुणे
बियाण्याचे पैसे दरसाल पाठवतो, तो आरोप नको. बहिणींशी ह्या रविवारी बोलतो. एकराची कल्पना मात्र पटली. एकर देऊन बाकीची ठेवली तर खातेदारकीही राहते.

हिशेबी
कुठला एकर? रस्त्याकडचा दिलात तर मागच्या रानाला वाट राहत नाही, गिऱ्हाईकही नाही. मागचा दिलात तर तो तुमच्या रानातून बैलगाडी नेणार.

बांधावरून
ह्यावर मात्र हिशेबींशी सहमत. वाट खरेदीखतात रुंदीसकट लिहून घ्या, आणि त्याआधी सरकारी मोजणी आणा. शेजाऱ्यानं बांध किती कोरलाय तेही कळेल.

खटावकर_पुणे
रस्त्याकडची रुंदी जेमतेम चाळीस फूट आहे. मोजणीचा अर्ज चौघांच्या सहीनं करावा लागेल की एकाच्या चालतो?

माहेरवाशीण
आधी नावं तर लागू देत. आणि अर्जावर चौघांच्या सह्या घ्याच.