वॉशिंग्टनचे बोस्टन पदक: कडेवरच्या झिजलेल्या खुणेवरून काळ कसा ठरवावा?

नमस्कार,

बोस्टनजवळच्या एका घरातील जुन्या सामानाच्या विक्रीत मला जॉर्ज वॉशिंग्टनचे तांब्याचे स्मृतिपदक मिळाले असून ते कोणत्या काळात पाडलेले आहे, हे ठरवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. १७ मार्च १७७६ रोजी ब्रिटिश सैन्य बोस्टन सोडून गेले आणि त्याच महिन्यात अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने (प्रतिनिधी सभेने) सेनापती वॉशिंग्टनला सुवर्णपदक देण्याचा ठराव केला. परंतु पॅरिसमध्ये पदककार दुविव्हिए यांनी पदक पाडण्याचे ठसे कोरून ते पदक वॉशिंग्टनच्या हाती पडेपर्यंत १७९० साल उजाडले. ते सुवर्णपदक आज बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आहे. पॅरिसच्या टांकसाळीने तांब्याची पदके मात्र पुढेही अनेक वर्षे पाडली, आणि माझी अडचण नेमकी तीच आहे.

माझ्या पदकाच्या मागच्या बाजूला टेकडीवर घोड्यावर बसलेला वॉशिंग्टन आणि दूर पाण्यात परतणारी गलबते सुरेख उमटली आहेत. कडेवर 'तांबे' या अर्थाचा फ्रेंच शब्द स्पष्ट वाचता येतो; टांकसाळ तो नंतरच्या काळात उमटवू लागली, म्हणजे हे अठराव्या शतकातले नाही, हे मला मान्य आहे. त्या शब्दाच्या शेजारची खूण मात्र झिजली आहे: भिंगाखाली उजेड एका बाजूने पडला की ती बोट दाखवणाऱ्या हातासारखी दिसते, दुसऱ्या बाजूने पडला की मधमाशीसारखी. टांकसाळीची ही खूण काळानुसार बदलत गेली: हात असेल तर काळ १८४५ ते १८६०, मधमाशी असेल तर १८६० ते १८८०. १८८० नंतरचे फळाफुलांनी भरलेले शिंग ते नक्कीच नाही. सपाट भागावर काही बारीक उंचवटेही आहेत. ठसा गंजल्यामुळे ते आले असतील, तर त्यांच्या जागेवरून काळ ठरवता येतो का?

दुसरा प्रश्न अधिक तातडीचा आहे. पदक बरीच वर्षे मऊ प्लास्टिकच्या पाकिटात होते आणि एका गलबताजवळ हिरवट, किंचित चिकट थर आला आहे. सध्या आमच्याकडे आलेल्या आईने तांब्याच्या भांड्यांच्या सवयीने चिंच-मीठ लावायचे सुचवले, पण त्याने शंभराहून अधिक वर्षांचा तपकिरी रंग क्षणात निघून जाईल म्हणून मी तिला थांबवले. हा थर प्लास्टिकचा असेल तर शुद्ध अ‍ॅसिटोनने निघेल, पण तो तांब्याचा कळंक असेल तर काय करावे? ज्यांनी स्वतः असे पदक हाताळले आहे, त्यांनी कृपया सांगावे. कडेची छायाचित्रे दोन्ही बाजूंच्या उजेडात काढून ठेवली आहेत, ती लगेच देतो.