रोजची रडगाणी ऑनलाइन मैत्रिणींना सांगावीत का घरातच ठेवावीत?

अर्धाकप_चहा
आमचा एक जुना ग्रुप आहे, ऑर्कुटवर बागकामाची कम्युनिटी होती तेव्हापासूनचा. २०१४ ला ऑर्कुट बंद पडलं तेव्हा सगळी टोळी बिऱ्हाड उचलून व्हॉट्सॅपवर आली, बागकाम मागेच राहिलं आणि आता तिथे रोज काय चालतं तर कोणाच्या कामवाल्या मावशींची दांडी, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाच्या सासऱ्यांची शुगर. यातल्या कितीतरी जणींना मी प्रत्यक्ष भेटलेलीसुद्धा नाही. आमच्या ह्यांचं म्हणणं, "आपला फ्रिज बिघडला हे माझ्याआधी त्या बायकांना कळतं, हे काही बरोबर नाही."

माझं मत सरळ आहे. मोठं काही झालं तर माणसं येतातच हो, हॉस्पिटलात डबे येतात, रात्री झोपायला भाचा येतो. पण मंगळवारी दुपारी उगाचच रडू आलं तर कोणाला सांगायचं? शेजारी सांगितलं तर "एवढंच ना", माहेरी सांगितलं तर आई रात्रभर झोपणार नाही. आणि आनंदाचं सांगणं तर त्याहून अवघड! प्रमोशन झालं म्हटल्यावर जावेचा चेहरा बघायचा का आपलं हसू आवरायचं? ग्रुपातल्या बायकांना आमच्या वाटणीतलं काही यायचं नसतं म्हणून त्या मनापासून खूश होतात. तुम्हाला काय वाटतं? हाणामारी नको.

खडूस_काका
हाणामारी नाही पण विरोध नोंदवतो. ताई, तुमचे मिस्टर फ्रिजबद्दल बोलत नाहीयेत, तुम्ही दिवसभरात सगळं तिकडे ओतून मोकळ्या होता आणि संध्याकाळी त्यांनी "काय गं, कसा गेला दिवस" विचारलं की "काही नाही, नेहमीचंच". खरंय का नाही सांगा. आमच्या घरी हेच चालू आहे म्हणून कळतं.
दुसरं, समोरचं माणूस कोण आहे याचा पत्ता नाही. २००१ साली अमेरिकेत केसी निकोल नावाच्या कॅन्सर झालेल्या मुलीची डायरी इंटरनेटवर लोक रोज वाचायचे, भेटी पाठवायचे, फोनवर बोलायचे, ती गेली म्हटल्यावर लोक रडले, आणि मग कळलं की अशी मुलगी कधी नव्हतीच, एका बाईने सगळं रचलं होतं.

रात्रपाळी
काका, खोटं बोलणारी माणसं सोसायटीतही असतात, तिथे काय आधार कार्ड बघून मैत्री करतो का आपण?
मी नर्स आहे. पहाटे तीन वाजता वॉर्ड शांत झाला की दहा मिनिटं मिळतात, बिस्किटाचा पुडा फोडून स्टुलावर बसायचं, तेव्हा घरचं कोण जागं असणार? आमच्या ग्रुपातली एकजण न्यू जर्सीत असते, उन्हाळ्यात तिचे तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, मुलाला पोहायला सोडून ती गाडीत बसलेली असते. ती तिचं सांगते मी माझं सांगते. पेशंटबद्दल अक्षर नाही, ते नियमातही बसत नाही आणि मनातही येत नाही. नुसतं "आज पाय फार सुजलेत गं" एवढं म्हणायला कोणीतरी असलं की पुढचे चार तास निघतात. सकाळी घरी गेल्यावर नवऱ्याला काय सांगू, तो डबा भरत असतो.

कोथरूडची_कैरी
+१ रात्रपाळी.
(विषयांतर: अर्धाकप, फ्रिजचं पुढे काय झालं? आमचापण खाली पाणी सोडतोय चार दिवस.)

अर्धाकप_चहा
@कैरी, मागच्या भिंतीला आत खाली एक बारीक भोक असतं बघ, बर्फ वितळून पाणी जायचं, त्यात कोथिंबिरीच्या काड्या अडकल्या होत्या. बटण बंद करून कोमट पाणी सोड आणि जाड दोरा फिरव. हे मला ग्रुपातच कळलं, मेकॅनिक नुसता येऊन बघायचे पैसे मागत होता. बोला काका आता :)

खडूस_काका
फ्रिजला माझा विरोध नाहीच!

पेन्सिलतासा
एक भर घालतो. पेनेबेकर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा १९८६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहायला बसवलं, काहींना मनावरच्या घावाबद्दल, काहींना असंच किरकोळ कशाबद्दल. घावाबद्दल भावनेसकट लिहिणाऱ्यांना लिहून झाल्याझाल्या जास्तच वाईट वाटायचं, पण पुढच्या सहा महिन्यांत ती मुलं दवाखान्यात कमी गेली. म्हणजे पोटातलं बाहेर काढल्याने फायदा होतो हे खरं, फक्त ते लिखाण लाइक मिळवायला नव्हतं आणि खाली कोणी अंगठे देत नव्हतं. मग वही का नको? वही स्क्रीनशॉट काढत नाही.

रात्रपाळी
वही "जेवलीस का" असंही विचारत नाही.

मुक्काम_पोस्ट_नॉर्वे
इथली एक गोष्ट सांगतो, बऱ्याच जणांना माहीत असेल. मॅट्स स्टेन नावाचा मुलगा, स्नायू झिजत जाणारा आजार, व्हीलचेअरवर, दिवसरात्र कॉम्प्युटर गेम खेळायचा. आईवडिलांना वाटायचं पोरगं एकटं पडलंय. २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी तो गेला, वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर तशी बातमी टाकून खाली आपला ईमेल दिला, तर त्याच्याबरोबर खेळणाऱ्यांची पत्रांवर पत्रं, याने माझं अमुक ऐकून घेतलं, याने मला घरच्यांशी बोलायला लावलं. त्यातले काहीजण दुसऱ्या देशांतून अंत्यविधीला आले. घरच्यांना पत्ताच नव्हता. काका, केसी निकोल आठवते तर हाही आठवायला हवा.

खडूस_काका
आठवतो. पण माझाच मुद्दा झाला की हा, घरच्यांना पत्ता नव्हता!

नको_ते_बोलते
मी वयाने इथे सगळ्यात लहान असेन. माझी आई अशाच एका ग्रुपात आहे आणि छान बायका आहेत त्या, खोटं का बोलू. पण माझा नीटचा स्कोअर आला त्या दिवशी मी बाबांनाही नीट सांगितला नव्हता, आईने पंधरा मिनिटांत तिकडे टाकला, "फार वाईट वाटतंय गं" म्हणून. मग दिवाळीनंतर त्यांचं गटग (गेट-टुगेदर) होतं तिथे मला नेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बघितलेल्या एक काकू माझ्या ताटात जिलबी वाढता वाढता म्हणाल्या, "मग, रिपीट करणार का फिजिओला जाणार?" त्यांनी प्रेमानेच विचारलं हो. माझा घास गळ्यात अडकला. तुम्ही सगळे कोण खोटं कोण खरं यावर भांडताय पण जे सांगितलं जातंय त्यातलं अर्धं तुमचं नसतंच.

कोथरूडची_कैरी
अगं बाई.

अर्धाकप_चहा
बाळा, वाईट वाटलं वाचून. तरी आईची बाजू मांडते, रागावू नकोस. मुलीचा निकाल लागतो तेव्हा आईचीही झोप उडते, तिलाही छाती भरून येते, आणि तुझ्यासमोर रडायची चोरी. तिने कुठे जायचं? तो त्रास तिचाही आहे.

नको_ते_बोलते
काकू, झोप उडाली ते सांगू दे ना तिला, शंभरदा सांगू दे. त्यासाठी ७२० पैकी किती हा आकडा कशाला लागतो?

काळाकोट
कायद्याचं विचारणार असाल कोणी तर आधीच सांगतो, २०२३ चा डिजिटल डेटा संरक्षण कायदा यात कामाचा नाही. माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी वापरलेली माहिती त्यातून वगळलीय. म्हणजे आई, काकू आणि जिलबी तिन्ही सुटल्या. (दिवा घ्या, म्हणजे गंमत आहे, हलकेच घ्या.)

पेन्सिलतासा
लेकीचा मुद्दा बिनतोड आहे. नवऱ्याचा पगार, सासऱ्यांचे रिपोर्ट, मुलांचे मार्क, हे सगळं आपण "माझं मन मोकळं करते" या पाटीखाली खपवतो. तरी मी म्हणेन की वय वाढतं तसं स्वतःचं असं वेगळं काही उरतच नाही, सगळं कोणाच्या तरी निम्म्याने असतं, मग बाईने बोलायचंच नाही का. मला उत्तर सापडत नाहीये.

अर्धाकप_चहा
मी मार्क आणि रिपोर्ट नाही टाकत आणि टाकले तर लेक फोन काढून घेईल. पण माझा फ्रिज, माझे गुडघे, माझी चिडचिड आणि मावशींची दांडी यावर कोणाची परवानगी घेणार नाही.

खडूस_काका
मावशींची दांडी कशामुळे, त्यांच्या नवऱ्याने काय केलं, हेही सांगत असालच तिकडे. त्यांना विचारलंत का?

अर्धाकप_चहा
काका, मावशींचा स्वतःचा ग्रुप आहे, आमच्या बिल्डिंगमध्ये कामाला येणाऱ्या सगळ्याजणींचा, आणि आमच्या फ्रिजबद्दल तिथे माझ्याआधी आलं होतं.