डेबियन १० वरून १२ वर आलो, जुना सी प्रोग्राम लिंक होईना: 'मल्टिपल डेफिनिशन', मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या दूध संस्थेचा सर्व्हर मी बघतो. मिल्क ॲनलायझर सिरियल पोर्टवरून फॅट-एसएनएफची (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ओळ पाठवतो, २०११ साली लिहिलेला एक सी प्रोग्राम ती वाचतो, ऑपरेटरने एंटर दाबलं की नोंद होते आणि पावती निघते. सोर्स माझ्याकडे आहे: सहा सी फाइली, एक हेडर, एक मेकफाइल.

सर्व्हरवर डेबियन लिनक्स आहे. डेबियन १० चा वाढीव सपोर्टसुद्धा ३० जून २०२४ ला संपला, तरी मी आजवर ढकलत होतो. शनिवारी संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर आधी ११ आणि मग १२ असं अपग्रेड केलं. ते सुरळीत झालं. पण नंतर ऑटोरिमूव्ह (नको झालेली पॅकेजं काढणारी कमांड) चालवलं आणि प्रोग्राम उठेचना. म्हणे लिबक्रिप्टो १.१ सापडत नाही. ती ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या पॅकेजातली लायब्ररी. १२ मध्ये ओपनएसएसएल ३ आहे, जुनी लायब्ररी साफसफाईत गेली. म्हणून नव्याने कंपाइल करायला बसलो.

आधी 'सिस्/सिसकंट्रोल डॉट एच' ही हेडर फाइल नाही म्हणून अडलं. जीलिबसीने (लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी) २.३२ पासून ती काढून टाकलीय आणि डेबियन १२ वर २.३६ आहे. आमच्या कोडमध्ये तिचा काही उपयोगच नव्हता, ओळ उडवली. मग ओपनएसएसएलची एमडी५ ची (चेकसम काढणारी) फंक्शनं 'डेप्रिकेटेड', म्हणजे आता वापरू नका, म्हणून वॉर्निंग. मेकफाइलमध्ये प्रत्येक वॉर्निंगला एरर मानायचा फ्लॅग असल्याने तिथंही थांबलं. तो फ्लॅग तात्पुरता काढला.

आता सगळ्या फाइली कंपाइल होतात, पण लिंक करताना, म्हणजे त्या जोडून एक प्रोग्राम बनवताना, पडद्यावर हीच रांग लागते:

मल्टिपल डेफिनिशन ऑफ 'पोर्ट_एफडी'; फर्स्ट डिफाइन्ड हिअर
मल्टिपल डेफिनिशन ऑफ 'केंद्र_क्र'. फर्स्ट डिफाइन्ड हिअर
मल्टिपल डेफिनिशन ऑफ 'पाळी'; फर्स्ट डिफाइन्ड हिअर
मल्टिपल डेफिनिशन ऑफ 'बफर'. फर्स्ट डिफाइन्ड हिअर

पहिली तिन्ही नावं हेडरमध्ये साध्या ग्लोबल व्हेरिएबलसारखी लिहिलेली आहेत. शोधल्यावर 'एफ-कॉमन' फ्लॅग द्या असं सापडलं. आधी तो लिंकरच्या फ्लॅगमध्ये टाकला, काहीच फरक नाही. मग कंपाइलरच्या फ्लॅगमध्ये टाकून मेक क्लीन केलं, तर बिनबोभाट लिंक झालं. प्रोग्राम चालतोय. माझा प्रश्न एवढाच की हे असं ठेवलं तर चालेल का? रविवारी दोन्ही वेळच्या नोंदी वहीत केल्या. लोकांचं बिल या आकड्यांवर निघतं, म्हणून घाईने काही करायचं नाही.

प्रतिसाद १

भाऊ, फ्लॅग कंपाइलच्या वेळी लागतो, म्हणून लिंकरला देऊन उपयोग झाला नाही. आणि फ्लॅग बदलला तरी मेक जुन्याच ऑब्जेक्ट फाइली वापरतं, त्यामुळे मेक क्लीन केलंत ते बरोबर.

कारण असं. जीसीसी या कंपाइलरच्या ९ पर्यंत दोन फाइलींत एकाच नावाचं, किंमत न दिलेलं ग्लोबल व्हेरिएबल आलं तर लिंकर दोन्ही एकच समजून जागा द्यायचा. २०२० साली आलेल्या जीसीसी १० पासून ही सवलत आपोआप मिळत नाही. तुमच्या डेबियन १० वर जीसीसी ८.३ होता, १२ वर १२.२ आहे. हेडरमधल्या तिन्ही नावांना 'एक्स्टर्न' (व्हेरिएबल दुसरीकडे आहे असं सांगणारा शब्द) लावा आणि कुठल्याही एका सी फाइलीत ती 'एक्स्टर्न'शिवाय एकदाच लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. एमडी५ साठी ओपनएसएसएलचीच ईव्हीपी नावाची फंक्शनं वापरा आणि काढलेला फ्लॅग परत घाला.

पण 'बफर' हेडरमध्ये आहे असं तुम्ही म्हणालेला नाहीत. ते कुठून आलं? एफ-कॉमन लावून बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइलींवर एनएम (फाइलीतली नावं दाखवणारी कमांड) चालवा. ज्या नावापुढे मोठा 'सी' येईल त्याच्या आधीचा आकडा म्हणजे त्याचा आकार, सोळाच्या पायात. दोन फाइलींत तो वेगळा दिसला तर फ्लॅगवर भागवू नका.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

दादा, एनएम चालवलं. सिरियल पोर्ट वाचणाऱ्या फाइलीत 'बफर' पुढे ५० आहे, छपाईच्या फाइलीत १००. म्हणजे ८० बाइट आणि २५६ बाइट. दोन्ही फाइलींच्या डोक्यावर एकाच नावाचा ॲरे आहे, 'स्टॅटिक' (नाव त्या फाइलीपुरतंच ठेवणारा शब्द) कुठेच नाही. लिहिताना दोन वेगळे बफर अभिप्रेत होते, पण बनत आला तो एकच.

मग कोड नीट वाचला. ॲनलायझरची ओळ 'बफर'मध्ये येते, पडद्यावर दिसते आणि एंटरची वाट बघते. मधल्या वेळात ऑपरेटरने एफ५ दाबून मागची पावती पुन्हा छापली, तर छपाईची फाइल मागच्या शेतकऱ्याची ओळ 'बफर'मध्ये वाचते. ती त्याच जागी जाते. पडद्यावर नवा आकडा तसाच असतो, एंटर दाबलं की नोंद मागच्याच्या आकड्यांची होते. चाचणीच्या प्रतीवर करून पाहिलं: पडद्यावर ४.१, पावतीवर ३.६. मशीन चुकीचं दाखवतं अशी तक्रार घेऊन लोक अधूनमधून येत, आणि आम्ही दर वेळी ॲनलायझर धुऊन परत तपासायचो.

दोन्हीकडे 'स्टॅटिक' लावलं, हेडरमध्ये 'एक्स्टर्न' केलं, एफ-कॉमन काढून टाकला, ईव्हीपी घातलं. वॉर्निंगशिवाय लिंक झालं आणि एफ५ दाबूनही पावतीवर ४.१ च येतं.

आता पुढची मदत हवी आहे. एका पाळीत लागोपाठच्या दोन खातेदारांचे फॅट आणि एसएनएफ दोन्ही अगदी सारखे आले, अशा नोंदी जुन्या फाइलींतून काढायच्या आहेत. रोजची एक मजकुराची फाइल आहे, रकाने स्वल्पविरामाने तोडलेले: वेळ, खाते क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ. ऑकने (मजकुराच्या ओळी चाळणारी कमांड) एका दमात होईल का? सारख्या आलेल्या सगळ्याच नोंदी चुकीच्या नसतील हे कळतं, पण यादी हातात आली की सचिवांपुढे ठेवता येईल आणि ज्यांना कमी पैसे गेले त्यांच्या बिलाचं बघता येईल.

प्रतिसाद ३

होईल. स्वल्पविरामावर तोडा, मागच्या ओळीचे चौथा आणि पाचवा हे दोन रकाने जपून ठेवा आणि चालू ओळीशी ताडा. दोन्ही जुळले आणि खाते क्रमांक वेगळा असला तरच ओळ छापा. नाहीतर एकाच शेतकऱ्याच्या दोन किटल्या यादीत येतील. पाळी बदलली की जपलेले आकडे पुसायचे. फाइलीतल्या दोन-चार ओळी नावं वगळून इथं टाका, कमांड लिहून देतो.